पृथ्वीचं कवच ताणलं जातं तिथे ग्रॅनाइट कसा तयार होतो?

बडोद्याहून छोटा उदेपूरकडे जाताना दिसणाऱ्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांबद्दल तुम्ही विचारलंय: ग्रॅनाइट भूखंडांच्या टकरीत होतो असं शिकलो, मग नर्मदेसारख्या ताणाच्या पट्ट्यात तो कुठून येतो?

आधी एक गैरसमज. ताणामुळे कवच वितळत नाही. उलट पातळ होत गेलेल्या कवचाचे खडक वर सरकतात आणि निवतात. वितळतं ते प्रावरण, म्हणजे कवचाखालचा जाड, घन पण तापलेला थर. ते वर येताना किलोमीटरमागे जेमतेम अर्धा अंश थंड होतं, पण दाब घटल्यामुळे त्याचा वितळणबिंदू तीन-चार अंशांनी उतरतो. बाहेरून उष्णता न मिळताही ते अंशतः वितळतं. मात्र त्यातून निघतो बेसॉल्टचा शिलारस, ग्रॅनाइटचा नव्हे.

हा सुमारे १२०० अंशांचा शिलारस बऱ्याचदा कवचाच्या तळाशी अडकतो. इथून दोन वाटा फुटतात. एकीत तो आजूबाजूचं कवच वितळवतो. खोल कवचात मोकळं पाणी जवळपास नसतं, त्यामुळे कृष्णाभ्रक आणि हॉर्नब्लेंड ही पाणी धरून ठेवणारी खनिजं फुटून त्यांच्यातलं पाणी सुटावं लागतं, आणि त्याला साधारण ८०० ते ९०० अंश लागतात. कवच आधीच थंड असेल तर बेसॉल्टचा एखादा पातळ थर काही वितळवण्याआधीच गोठून जातो. म्हणून थरामागून थर घुसत राहावे लागतात.

दुसरीत बेसॉल्ट स्वतःच बदलतो. ऑलिव्हिन, पायरॉक्सिन, प्लॅजिओक्लेज या खनिजांचे स्फटिक बाहेर पडत गेले की उरलेल्या रसात सिलिका वाढते. शंभर भागांतून पाच-दहा भाग ग्रॅनाइट मिळाला तरी पुष्कळ, म्हणजे मोठ्या ग्रॅनाइटखाली त्याच्या कैकपट गॅब्रो (खोलवर हळू गोठलेला बेसॉल्टचाच रस) असायला हवा. प्रत्यक्षात दोन्ही वाटा मिसळलेल्या सापडतात. कुणाचा हिस्सा किती, हे स्ट्रॉन्शियम आणि निओडिमियमच्या समस्थानिकांवरून काढतात.

ताणाचं खरं काम जागा करून देण्याचं. भेगा आणि भ्रंश उघडतात, हलका रस डाइकमधून (भेगेत भरून भिंतीसारखा गोठणारा रस) चढतो आणि थरांवर थर साचतात. असे ग्रॅनाइट बरेचदा उथळ, काही किलोमीटरवरच गोठतात, म्हणून त्यांत वायूच्या पोकळ्या राहतात.

अशा कोरड्या, लोह-पोटॅशियम-झिर्कोनियमने संपन्न आणि कॅल्शियम कमी असलेल्या ग्रॅनाइटला १९७९ साली लोइझेल आणि वोन्स यांनी ‘ए-प्रकार’ हे नाव दिलं. पण केवळ रसायनावरून ताण सिद्ध होत नाही. टक्कर संपल्यानंतरही असे ग्रॅनाइट बनतात. त्याच वयाचे बेसॉल्ट आणि एका दिशेने जाणाऱ्या डाइक सोबत सापडल्या, तरच मी ताण मान्य करतो.

आता तुमच्या टेकड्या. त्या भागातला बराचसा ग्रॅनाइट गोध्रा ग्रॅनाइट, वय सुमारे ९५ कोटी वर्षं. नर्मदेच्या पट्ट्यातल्या दख्खनकाळाच्या, म्हणजे दख्खनचे लाव्हा पसरले त्या काळातल्या, ज्वालामुखी घडामोडींशी त्याचा काही संबंध नाही. तुम्हाला हवंय ते उदाहरण म्हणजे त्याच भागातली फेणाई माता ही टेकडी: गॅब्रो आणि ग्रॅनोफायर (उथळ गोठलेला, ग्रॅनाइटसारखा खडक) शेजारी, दोन्ही दख्खनच्या काळातले, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. पावागडाच्या माथ्यावरचा रायोलाइट हा ज्वालामुखी खडक म्हणजे तसलाच सिलिकायुक्त रस, फक्त पृष्ठभागावर आलेला. फेणाई मातेला गेलात तर ग्रॅनोफायरचा ताजा तुकडा घ्या, कारण हवेने कुजलेल्या पृष्ठभागावर काहीच कळत नाही. क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार एकमेकांत गुंतलेले बघायला पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखालीच ठेवावा लागेल.