वाचक विचारतात : जमीन फुकट, पण पहिल्या पिकापर्यंत खायचं काय?

प्रश्न : अमेरिकेत गुलामगिरीतून सुटलेल्यांना चाळीस-चाळीस एकर मिळणार होते, असं ऐकलंय. मग तेच लोक पुढे घरदार सोडून कॅन्ससला का गेले? तिथे तरी जमीन खरोखर फुकट होती का?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : चाळीस एकरांचा हुकूम यादवी युद्धातले उत्तरेचे सेनानी जनरल शर्मन यांचा, जानेवारी १८६५ चा, आणि तोही दक्षिण कॅरोलायना ते फ्लोरिडा एवढ्या किनारपट्टीपुरताच. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी त्यातली बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत दिली. बाकीच्यांच्या वाट्याला आली बटई, म्हणजे मालकाची जमीन पिकाच्या वाट्यावर कसणं. बियाणं, खेचर, पीठ-मीठ सगळं उधारीवर, तारण म्हणून शेतातला उभा कापूस, आणि वही मालकाच्या हातात. अक्षरओळख नसलेल्या कुळाने हिशेब तपासायचा तरी कसा? १८७७ मध्ये दक्षिणेत तैनात असलेल्या केंद्राच्या फौजा बराकीत परतल्या आणि कृष्णवर्णीयांना मत द्यायला जाणंही जिवावर बेतू लागलं.

कॅन्ससची जमीन १८६२ च्या होमस्टेड कायद्याखाली मिळे : १६० एकर, म्हणजे अर्धा मैल लांब, अर्धा मैल रुंद तुकडा. अर्जाच्या वेळी १२ डॉलर, मग पाच वर्षं तिथेच राहून, घर बांधून, जमीन कसून दाखवायची, दोन साक्षीदार आणायचे आणि शेवटचे ६ डॉलर भरायचे. अठरा डॉलर ही खरी अडचण नव्हती. नांगर, जनावरं, बियाणं आणि पहिल्या पिकापर्यंतचं धान्य यांचा खर्च कायद्यात कुठेच नव्हता.

१८७७ मध्ये केंटकी राज्यातून येऊन कॅन्ससमध्ये निकोडेमस हे कृष्णवर्णीयांचं गाव वसवणारे इथेच अडकले. पेरणीचा हंगाम टळल्यावर ते पोहोचले. शिकारीहून परतणाऱ्या ओसेज या मूळनिवासी जमातीच्या लोकांनी मांस दिलं, म्हणून तो हिवाळा निभला. गवताच्या मुळांनी विणलेली ती जमीन कापसाच्या हलक्या नांगराला दाद देत नाही. ज्यांच्याकडे जनावरं नव्हती, त्यांनी ती फावड्या-कुदळीने फोडली; साहजिकच पहिल्या वर्षी लागवड थोडीच झाली.

१८७९ ची लाट मात्र वेगळी. सरकार प्रवास आणि जमीन दोन्ही फुकट देतंय, अशी अफवा दक्षिणेत मिसिसिपी नदीच्या काठाकाठाने पसरली आणि हजारो लोक निघाले. कित्येक बोटवाले त्यांना चढवून घेईनात. वाटेतल्या सेंट लुईस शहरात पैसे संपलेल्यांना तिथल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चनी जेवू घातलं. या दोन स्थलांतरांची गल्लत बरेच लेखक करतात, करू नये.

प्रश्न : लाकूड नसलेल्या माळरानावर घरं कशी बांधली?
– त्याच वाचकांचा जोडप्रश्न

उत्तर : आधी बांधलीच नाहीत, खणली. नदीकाठच्या चढात खोली कोरायची, दर्शनी भिंत दगडाची किंवा गवतासकट कापलेल्या मातीच्या ढेपांची, छताला डहाळ्या, त्यावर वाळकं गवत, वर माती. थंडीत ऊब उत्तम. पाऊस आला की छत गळायचं, आणि थांबल्यावरही बराच वेळ ठिबकत राहायचं. तिथला पाऊस इंदूरच्या निम्म्याच्या आसपास, म्हणून ही घरं तगली. आपल्या काळ्या मातीत मृगालाच बसली असती.

प्रश्न : ते निकोडेमस गाव आज आहे का?
– एक वाचक, राजवाडा परिसर

उत्तर : आहे, पण अगदी मोजक्या वस्तीचं. १८८८ मध्ये रेल्वे गावाला वळसा घालून सॉलोमन नदीपलीकडून गेली आणि दुकानदार रुळांजवळच्या बोग गावी हलले. १९९६ पासून निकोडेमस राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे.