‘ते असो’ कसं म्हणवलं तुला?

पत्र: ताई, बाळंतपणासाठी मी माहेरी, इचलकरंजीला आले आहे. मुलगी पाच आठवड्यांची झाली. आईच्या ट्रंकेत आजीचा चौथीचा शाळेचा दाखला सापडला, 1949 सालचा. त्यावर नाव होतं ‘चांगुणा’. मला ते इतकं आवडलं की मुलीचं हेच ठेवावं असं मनात आहे. पण घरात एकमत होईना. मिस्टर ‘चंद्र’मधला च म्हणतात, आई ‘चांगला’मधला. सासूबाई म्हणतात, पोटच्या पोराला उखळात कांडणाऱ्या बाईचं नाव नको. नणंदेला वाटतं, शाळेत पोरं चिडवतील. मैत्रिणींमध्येही दोन तट पडलेत. (आजी 86 वर्षांची आहे, कागलला मामाकडे असते. लग्नात तिचं नाव शकुंतला ठेवलं, आता सगळे माईच म्हणतात. ते असो.) तुम्हाला नाव कसं वाटतं? आणि उच्चार नेमका कोणता?

उत्तर: अगं, ‘ते असो’ काय? तुझ्या अख्ख्या पत्रात मी अडखळले ती याच वाक्याशी, आणि तू ते कंसात टाकलंस.

नवऱ्याला विचारलंस, आईला, सासूबाईंना, नणंदेला, मैत्रिणींना आणि आता मला. जिचं नाव आहे ती कागलला आहे, तुझ्यापासून तासाभराच्या आत, आणि तिला एका शब्दानं विचारलेलं नाहीस. हो, रागावतेय मी. तुझ्यावरच.

उच्चाराचं आधी संपवते. तुझी आई बरोबर आहे. जोतिबाच्या डोंगरावर गुलाल उधळताना ‘चांगभलं’ म्हणतात ना, तोच हा च. चाक, चूल, चांदणं यांतला, जीभ दातांच्या मुळाशी टेकवून म्हणायचा. चंद्र, चरण हे शब्द संस्कृतातून जसेच्या तसे आले, म्हणून त्यांचा च टाळूवरचा राहिला. आपल्या लिपीत दोन्हींना अक्षर एकच, त्यामुळे नाव नुसतं वाचणाऱ्याची फसगत होते. तुमच्या घरात तेच झालंय. तुम्ही सगळ्यांनी हे नाव वाचलंय. हाक म्हणून ऐकलेलं कुणीच नाही. तुझ्या आईनंही नाही, कारण ती जन्मली तेव्हा आजीची शकुंतला होऊन गेली होती.

नाव बदलतात ते तू पाहिलं असशील. लक्ष्मीपूजनाला तबकात तांदूळ पसरतात, नवरा सोन्याच्या अंगठीनं त्यात नवं नाव लिहितो, पेढे वाटतात. कुठल्याही कायद्यात असं करायला सांगितलेलं नाही. तरी घरोघरी होत आलं. दुसऱ्या दिवशी ते तांदूळ सारखे केले जातात, आणि आईनं लहानपणापासून मारलेली हाक त्या घरात पुन्हा कुणी मारत नाही.

माझ्या आईचं माहेरचं नाव मला ती गेल्यावर कळलं. तेराव्याला मामा ओसरीवर बसला होता. हातात पाण्याचा तांब्या, पाणी प्यायचंही भान नव्हतं. एकदम म्हणाला, “आमची दारकी गेली.” मी विचारलं, कोण दारकी? मला तर ती मंदाकिनी म्हणूनच ठाऊक. दाखल्यावर ती द्वारका होती, पण घरात दारकी. मामानं ‘दा’ लांबवला होता, तो मला अजून ऐकू येतो. चाळीस वर्षं तिच्या हातचं जेवले मी, आणि एकदाही विचारलं नाही.

तुझी आजीही दाखल्यावरच चांगुणा असेल. घरी चांगी असेल, चांगू असेल, गुणा असेल. ते त्या कागदावर लिहिलेलं नाही.

सासूबाईंना सांग, गोष्ट पुरी सांगा. शिवलीलामृतातल्या त्या कथेत अतिथी होऊन आलेला शंकर शेवटी चांगुणेला म्हणतो, पोराला हाक मार. ती हाक मारते आणि चिलया धावत येतो. चिडवण्याचं म्हणशील, तर पोरं कशावरूनही चिडवतात.

मला नाव फार आवडलं. पण माझ्या आवडीनं ठेवू नकोस. घाईही करू नकोस. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, ती झालीच असेल. नावाचा रकाना वर्षभरात कधीही विनाशुल्क भरता येतो. आणि 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे महाराष्ट्रात सरकारी कागदांवर आधी आईचं नाव येतं, मग वडिलांचं, मग आडनाव. लेकीच्या नावाला लागून तुझं नाव राहणार आहे. आजीचं तर स्वतःचंही राहिलं नाही.

सव्वा महिना झाला की पहिल्या रविवारी कागलला जा. दाखला बरोबर घे. बाळ तिच्या मांडीवर दे. ‘नाव ठेवू का’ हे लगेच काढू नकोस. ‘माई, तुझी आई तुला कशी हाक मारायची?’ एवढं विचार आणि गप्प बस. रडली तर रडू दे. विषय बदलला तर बदलू दे, चहा पी, पुन्हा बस. जित्या माणसाचं नाव ठेवू नये असं काही घरांत मानतात, तसं ती म्हणेल. किंवा म्हणेल, ते नाव मी कधीच सोडलं, नको ते. नाही म्हणाली, तर त्याच दिवशी हा नाद सोड. एकदा तिला न विचारता ते नाव काढून घेतलंय, आता न विचारता दुसऱ्याला द्यायचं नाही.

हो म्हणाली, तर बारशाला तिला आण. कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे तुझ्या नणंदेचा, तो तिला राहू दे. फक्त त्याआधी माईनं नणंदेला ते दोन-तीनदा म्हणून दाखवावं. आणि कागलला जाताना नवऱ्याला घेऊन जा. त्यानं तो च तिच्याच तोंडून ऐकायला हवा.