नाव विचारायचं कुणाला?

प्रश्न : दादा, मी जळगावला हॉस्टेलवर राहून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करतो, शनिवारी घरी येतो. लॅपटॉपवर विंडोज आहे, आत व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कॉम्प्युटरच्या आत दुसरं, आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) उबुंटू ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम. हे आतलं मशीन बंद करत नाही, तसंच सेव्ह करून झाकण लावतो. कॉलेजात सगळं चालतं. घरी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर विंडोज चालतं, पण उबुंटू म्हणतं 'टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन'. ८.८.८.८ या गुगलच्या पत्त्याला पिंग (समोरचा उत्तर देतो का बघणारी हाक) जातो. नाव कुणाला विचारायचं ते सांगणाऱ्या रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ फाइलमध्ये हाच पत्ता लिहिला की चालतं, दुसऱ्या दिवशी ओळ गायब! उबुंटू तीनदा नव्याने टाकलं. (एक विद्यार्थी, फैजपूर)

उत्तर : तीनदा? अरे भो, तेवढ्यात भरिताची वांगी भाजून, सोलून, ठेचूनही झाली असती.

पण पिंग केलास ते बरं केलंस. आकड्याचा पत्ता लागतो आणि नाव लागत नाही, म्हणजे तार, राउटर, हॉटस्पॉट सगळं ठीक आहे. बिघाड फक्त नाव विचारण्यात आहे. नाव सांगितलं की त्याचा आकडी पत्ता काढून देणारा तो डीएनएस सर्व्हर. मग पुढचा प्रश्न एवढाच : तुझं उबुंटू नाव विचारतंय कुणाला? टर्मिनलमध्ये 'रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस' लिही. नेटवर्क कार्डाखाली डीएनएस सर्व्हरचा जो आकडा दिसेल तो, माझी पैज, १० किंवा १९२.१६८ ने सुरू होणारा कॉलेजातला पत्ता असेल. व्हर्च्युअलबॉक्सचं नॅट (आतल्या मशीनला विंडोजमार्फत नेट देणारी सोय) एरवी विंडोजकडे जो डीएनएस असतो तोच आतल्या मशीनला सांगतं. तू मशीन सेव्ह केलंस तेव्हा ते कॉलेजात होतं; घरी जागं झालं तरी त्याच्या लेखी अजून कॉलेजच. फैजपूरच्या बसस्टँडवर उभं राहून जळगावच्या हॉस्टेलच्या वॉचमनला हाका मारण्यातला हा प्रकार आहे.

आत्तापुरता उपाय : चालू मशीनच्या खिडकीत 'डिव्हायसेस'मधून 'नेटवर्क'मध्ये जा, 'कनेक्ट नेटवर्क अडॅप्टर'ची खूण काढ, पाच सेकंद थांब, परत लाव. उबुंटू पत्ता नव्याने मागून घेईल.

दर शनिवारी हे करायचं नसेल तर मशीन पूर्ण बंद कर (सेव्ह नव्हे, बंद) आणि विंडोजच्या बाजूने व्हीबॉक्समॅनेज या व्हर्च्युअलबॉक्सला आज्ञा देण्याच्या प्रोग्रामच्या 'मॉडिफायव्हीएम' आज्ञेने त्या मशीनचा 'नॅट डीएनएस होस्ट रिझॉल्व्हर' ऑन कर. मग उबुंटूला डीएनएस म्हणून १०.०.२.३ दिसेल. तो व्हर्च्युअलबॉक्सचा स्वतःचा पत्ता. उबुंटूने त्याला विचारायचं, त्याने विंडोजकडून काढून घ्यायचं. तू जळगावला अस, फैजपूरला अस, नाही तर भुसावळच्या फलाटावर. विंडोजला नाव सापडलं की आतही सापडेल.

आता ती गायब होणारी ओळ. आजच्या उबुंटूत रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ ही साधी फाइल नसते, 'सिस्टिमडी रिझॉल्व्हड' या उबुंटूतल्या नावं शोधणाऱ्या प्रोग्रामने रन फोल्डरात तयार केलेल्या फाइलकडे नेणारा दुवा असतो. रन फोल्डर मेमरीत राहतं. तिथे हाताने लिहिणं म्हणजे दुसऱ्याच्या वहीत लिहिणं, तो पान पुन्हा लिहितो तेव्हा तुझी ओळ जाते. त्या फाइलमध्ये १२७.०.०.५३ दिसला तर घाबरू नकोस. तो मशीनच्या आतच बसलेला निरोप्या आहे. तो पुढे कुणाला विचारतो हे 'रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस'मध्ये दिसतं. काही जण फाइलला कुलूप घालून मोकळे होतात. तसं करू नकोस, कॉलेजातल्या लॅब सर्व्हरची नावं सापडेनाशी होतील आणि पुन्हा मलाच पत्र येईल.

प्रश्न : नमस्कार. आमच्या पतसंस्थेत हिशोबाचं सॉफ्टवेअर उबुंटूच्या एका व्हर्च्युअल मशीनवर चालतं. ऑफिसातला मुख्य सर्व्हर नावाने कधी सापडतो, कधी नाही. डीएनएसमध्ये दोन पत्ते आहेत, पहिला ऑफिसचा, दुसरा ८.८.८.८. (लिपिक, पारोळा)

उत्तर : ताई, तो दुसरा पत्ता काढा. ८.८.८.८ हा गुगलचा. त्याला जगातली नावं माहीत, तुमच्या ऑफिसातल्या कपाटाशेजारच्या सर्व्हरचं नाव कसं ठाऊक असणार? लोकांना वाटतं, दुसरा पत्ता म्हणजे स्टेपनी, पहिला फुसका झाला तरच लागेल आणि तो ठीक झाला की निघेल. 'सिस्टिमडी रिझॉल्व्हड' तसं करत नाही. त्याला दोन्ही सारखेच. लाइट जाऊन तुमचा सर्व्हर मिनिटभर गप्प झाला की ते दुसऱ्याकडे सरकतं आणि तिथेच बसून राहतं. 'रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस'मध्ये 'करंट डीएनएस सर्व्हर' बघा, बिघाडाच्या वेळी तिथे ८.८.८.८ असेल. आणि गुगल "असं नाव नाही" म्हणालं की ते उत्तर अंतिम धरलं जातं, पहिल्याला परत विचारलं जात नाही.

हे मला पुस्तकाने शिकवलं नाही. धरणगावकडच्या एका जिनिंगमध्ये मीच प्रत्येक मशीनवर ८.८.८.८ टाकून ऐटीत घरी आलो होतो. ऐन कापसाच्या हंगामात, वजनकाट्याच्या पावत्या छापणारा प्रिंटर नावाने सापडेना, आणि बाहेर गाड्यांची रांग.

व्हर्च्युअल मशीनला फक्त ऑफिसचा पत्ता द्या. बाहेरची नावं पुढे विचारायचं काम त्या सर्व्हरवर सोपवा, डीएनएसच्या सेटिंगमध्ये त्याला 'फॉरवर्डर' म्हणतात, ८.८.८.८ तिथे लिहा. आणि त्या सर्व्हरला यूपीएस जोडलाय का तेवढं बघा. बऱ्याच ऑफिसांत तो साहेबांच्या केबिनमध्ये असतो.