काका, शक्तिमान घ्या, पण एससीएसएस मोडून नाही

काका नमस्कार. तुमचा लांबलचक मेल दोनदा वाचला, दुसऱ्यांदा बायकोलाही वाचून दाखवला, ती म्हणाली या माणसाला नाही म्हणू नकोस. तर नाही म्हणत नाहीये, पण जसं तुम्ही मांडलंय तसं हो पण म्हणवत नाही.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. काका 62 वर्षांचे, वीज कंपनीतून रिटायर, राहतात इंदूरला राजेंद्र नगरात. पेन्शन 48 हजार, घरखर्च 36 हजार. सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीममध्ये (आपण सगळे एससीएसएसच म्हणतो) 15 लाख, दीड वर्षापूर्वी टाकलेले. एफडी 6 लाख, आणि इक्विटी फंडात एकदम टाकलेले साडेपाच लाख आज 9 लाख झालेत. मुलगी सासरी, मुलगा पुण्यात, कर्ज नाही. वडील फौजेत एएससीत, म्हणजे रसद-वाहतुकीच्या दलात, ड्रायव्हर होते, शक्तिमान चालवायचे, काका लहानपणी महूत त्या ट्रकच्या बॉनेटवर बसून फोटो काढलेले. आता महूजवळ एका भंगारवाल्याकडे तसाच एक शक्तिमान उभा आहे, तो 2 लाख 75 हजार मागतोय, मिस्त्री म्हणतो 5 लाखांत नवा करून देतो. काका म्हणतात एससीएसएस बंद करतो, 8 लाख यात घालतो, नंतर लग्नाला न् शूटिंगला भाड्याने देईन आणि विकला तर 15 लाख कुठे गेले नाहीत, म्हणजे ही इन्व्हेस्टमेंटच झाली ना?

नाही झाली. हे आधी डोक्यातून काढा, मग पुढचं सगळं सोपं आहे. हा खर्च आहे, चारधाम यात्रेसारखा किंवा नातवाच्या मुंजीसारखा, आनंदासाठी केलेला खर्च, आणि तुमच्या आकड्यांकडे बघता तो करायची तुमची ऐपत आहे. पण ज्या दिवशी तुम्ही त्याला इन्व्हेस्टमेंट म्हणाल त्या दिवसापासून प्रत्येक जादा बिलावर "जाऊ दे, विकताना निघेल" म्हणत बसाल, आणि ते बिल संपत नाही, मी भोगलंय.

2014 मध्ये मी असाच एका डीलरकडून लिलावातली जुनी जीप घेतली, 1 लाख 10 हजारांना. कागद "मिळून जातील साहेब". गाडी घरी आली, इंजिन खोललं तर ब्लॉकला क्रॅक, दुसरा ब्लॉक आणला, खरादवाल्याकडे (लेथवाल्याकडे) तीन महिने पडून, तोवर डीलरचा फोन बंद. कागद आजतागायत आले नाहीत. एकूण 3 लाख 40 हजार घालून शेवटी भंगारात 38 हजारांना दिली. हिशोबाची वही बायकोने जपून ठेवलीय, भांडणात काढते.

म्हणून गाडीच्या आधी कागद. लष्कराच्या बाद झालेल्या गाड्या एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ऑनलाइन लिलावात लॉटने विकल्या जातात, लॉट घेणाऱ्याला सेल रिलीज ऑर्डर मिळते, त्यावर गाडीचा बाणवाला आर्मी नंबर, चेसिस नंबर, इंजिन नंबर असतो. तुमचा भंगारवाला तो पहिला खरेदीदार आहे का की तिसरा, हे विचारा. आणि तो लॉट गाडी म्हणून विकला होता की स्क्रॅप म्हणून, हे त्या कागदावरच कळेल. स्क्रॅप म्हणून गेला असेल तर नायता मुंडल्याच्या आरटीओत कितीही चकरा मारा, रजिस्ट्रेशनची आशा धरू नका. तरीही घ्यायचा असेल तर धर्मकाट्यावर वजन करून भंगाराच्या भावाने मागा, पावणेतीन लाख कशाचे?

तुम्ही लिहिलंय की विंटेजमध्ये पास करून घेईन. काका, 2021 ला जी विंटेजची सोय आली ती दुचाकी आणि एम-वन म्हणजे प्रवासी कार-जीपसाठी आहे, तीही पहिल्या रजिस्ट्रेशनला 50 वर्षं झालेली असतील तरच, वीस हजार फी. ट्रक त्यात बसतच नाही. शिवाय विंटेज नंबर घेतला तर धंद्याला वापरता येत नाही, म्हणजे लग्न न् शूटिंग तिथेच कटाप. साध्या नंबरवर भाड्याने द्यायची तर मालवाहू गाडी म्हणून परमिट, दरवर्षी फिटनेस, विमा, आणि आरसीवर एकूण वजन साडेसात टनांच्या वर लिहून आलं तर तुमचं कारचं लायसन्सही चालणार नाही, ड्रायव्हर ठेवा. वर्षाला पाच लग्नं मिळाली तरी हा खर्च निघेल असं मला वाटत नाही.

आणि रंग. हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय. केंद्रीय मोटार वाहन नियमांत 121 नंबरचा नियम आहे, संरक्षण खात्याच्या गाडीशिवाय दुसऱ्या कुठल्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. म्हणजे तुमच्या डोळ्यांपुढे वडिलांचा जो ट्रक आहे तो तसाच्या तसा रस्त्यावर आणता येणार नाही. खाकी द्या, राखाडी द्या, पण तो हिरवा नाही. तुमच्या मेलमध्ये त्या रंगाचा उल्लेख चार वेळा आहे, मी मोजले, त्यामुळे ही गोष्ट पैसे देण्याआधी मनाशी पक्की करा.

आता पैसे. शक्तिमान जर्मनीच्या मान कंपनीच्या लायसन्सवर 1959 पासून जबलपूरला बनायचा आणि 1996 ला बंद झाला, म्हणजे सगळ्यात तरुण गाडीसुद्धा तीसेक वर्षांची. पार्ट दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारातून नाहीतर जबलपूरकडून शोधून आणायचे, नाही मिळाले तर खरादवर बनवायचे. मिस्त्रीच्या आकड्याला मी नेहमी पावणेदोनने गुणतो, 5 चे झाले 8 लाख 75 हजार. गाडी कुठे उभी करणार, राजेंद्र नगरच्या गल्लीत? टेप घेऊन मोजा एकदा. राऊला मित्राचं शेड 4 हजार महिन्याने मिळतंय म्हणालात, चार वर्षांचे 1 लाख 92 हजार. टायर तर तुमच्या यादीत नाहीतच, एका ट्रक टायरला आज पंधरा-वीस हजार धरा. सगळं मिळून पंधरा लाखांच्या घरात जातं, तुमच्या 8 च्या जवळपास दुप्पट.

एससीएसएस मोडायचं नाही म्हणतो ते यासाठी की त्यातून थोडे काढता येत नाहीत, पूर्ण खातं बंद करावं लागतं, एक ते दोन वर्षांमध्ये बंद केलं तर दीड टक्का कापतात, म्हणजे 22,500 गेले, आणि 8.2 टक्क्यांचं लॉक झालेलं व्याज सुटलं ते वेगळंच. ही रक्कम काकूंसाठीसुद्धा आहे हे लक्षात असू द्या, त्या सात वर्षांनी लहान आहेत तुमच्याहून. एफडी पण नको, हेल्थ पॉलिसी पाचच लाखांची आहे तुमची, वरचं काही निघालं तर एफडीच कामी येईल.

मग कुठून? गाडी घ्यायचे पैसे इक्विटी फंडातून काढा. 9 लाखांत साडेतीन लाख नफा, म्हणजे 2 लाख 75 हजार काढले तर त्यात नफा साधारण 1 लाख 7 हजार येतो, आणि वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा लाँग टर्म नफा करमुक्त आहे, या वर्षी दुसरं काही विकलं नसेल तर टॅक्स शून्य. तेच 8 लाख एकदम काढले असते तर साडेबारा टक्क्यांनी 23 हजारांच्या वर टॅक्स बसला असता. दुरुस्तीसाठी एससीएसएसचं व्याज, दर तिमाहीला 30,750, जे तुम्ही म्हणता नुसतं सेव्हिंगमध्ये पडून असतं. त्याच्यासाठी वेगळं खातं उघडा, खात्यात असेल तेवढंच काम, मिस्त्रीला ॲडव्हान्स नाही. शेडचं भाडं पेन्शनच्या उरलेल्या 12 हजारांतून.

स्कीमची साडेतीन वर्षं उरलीत, म्हणजे साधारण 4 लाख 30 हजार. यात शोरूमसारखा ट्रक होत नाही. यात इंजिन चालू होतं, क्लच-ब्रेक लागतात, वायरिंग होते, चेसिसचा गंज निघतो. बॉडीचं डेंटिंग-पेंटिंग, ताडपत्री, लाकडी फळ्या, हे राहू दे. तुम्हाला तो स्टार्ट झालेला ऐकायचाय ना? मेलमध्ये आवाजाबद्दलच तर लिहिलंय सगळं. आणि खरं सांगू का, हातात पैसा कमी असला की माणूस स्वतः पाना घेऊन खाली शिरतो, मजा तिथेच आहे, मिस्त्रीला आठ लाख देऊन खुर्ची टाकून बसण्यात कसला आलाय छंद.

रविवारी बघायला जाणार असाल तर एक छोटी हातोडी आणि स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवा. केबिनच्या मागे, जिथे चिखल साचून राहतो तिथे चेसिसवर ठोका, ठण्ण आवाज आला तर ठीक, भद्द आला तर स्क्रूड्रायव्हर दाबून बघा, आत गेला तर चहा पिऊन घरी या. ऑइलची डिपस्टिक ओढून बघा, दुधाळ कॉफीसारखं दिसलं तर इंजिनात पाणी गेलंय. आणि भंगारवाल्याला फक्त रिलीज ऑर्डरची झेरॉक्स मागा, भावाचा विषय काढूच नका. झेरॉक्स मिळाली तर मला पाठवा, तो "दोन दिवसांत देतो भिया" म्हणाला तर माझ्या जीपवाल्यानेही हेच म्हटलं होतं. काकूंनाही सोबत घेऊन जा, येताना महूत पोहे-जलेबी खाऊ घाला त्यांना.