टेबलने पान नीट दिसतंय, मग लेआउटसाठी सीएसएस कशाला?

तुम्ही लिहिलंय की क्लासमध्ये सरांनी टेबलने तीन रकाने पाडून दाखवले, पान छान दिसतं, तरी मित्र म्हणतो, "हे जुनाट आहे, सीएसएसने कर." मित्राचं बरोबर आहे. पण सरांना हसू नका. सीएसएसची, म्हणजे पानाचं दिसणं ठरवणाऱ्या भाषेची, पहिली आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्ये आली तरी त्या काळचे ब्राउझर ती धड पाळत नव्हते, त्यामुळे रकाने हवे असतील तर टेबलच हाताशी होतं. त्यात अदृश्य, एक पिक्सेलची जीआयएफ (चित्राची फाइल) ताणून मोकळी जागा तयार करायची. मीही केलंय ते सगळं.

अद्दल घडली ती एका पतसंस्थेच्या साइटवर. साठेक पानं, प्रत्येकात टेबलात टेबल, त्यात आणखी टेबल. "मेनू डावीकडून उजवीकडे घ्या," एवढंच त्यांचं म्हणणं. तीन रात्री गेल्या, आणि एका पानावर आतल्या टेबलचा शेवटचा टॅग राहिला म्हणून तळपट्टी थेट मधल्या रकान्यात जाऊन बसली. दिसणं सीएसएसच्या एका फाइलमध्ये असतं तर हे चार ओळींचं काम होतं.

मोबाइलवर तर टेबल हातच टेकतं. ३६० पिक्सेलच्या पडद्यावर तीन रकाने शेजारी शेजारी कोंबले जातात, एकाखाली एक येत नाहीत. (टीडीला, म्हणजे टेबलच्या एकेका चौकटीला, 'डिस्प्ले: ब्लॉक' देऊन दामटता येतं, पण मग टेबल ठेवलंच कशाला?) शिवाय डावा रकाना कोडमध्येही आधीच लिहावा लागतो. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून ऐकवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्याला बातमीआधी अख्खा मेनू ऐकावा लागतो, तो त्यामुळेच.

मात्र सीएसएसही सुरुवातीला काही सोन्याचं नव्हतं. आम्ही टेबल सोडून सीएसएसचा 'फ्लोट' धरला. तो मुळात चित्राच्या कडेने मजकूर वळवण्यासाठी होता, म्हणजे एक जुगाड टाकून दुसरा उचलला. त्यात इंटरनेट एक्सप्लोरर ६ फ्लोटची समासाची जागा दुप्पट करून ठेवायचा. खरी सुटका ग्रिडने, म्हणजे पान ओळी-रकान्यांत मांडायच्या सीएसएसच्या सोयीने, केली. मार्च २०१७ मध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी, तिघांतही ग्रिड एकाच महिन्यात आलं.

तुमच्या पानासाठी बाहेरच्या डिव्हला (तिन्ही रकाने ज्यात बसतात त्या खोक्याला) 'डिस्प्ले: ग्रिड' द्या आणि 'ग्रिड-टेम्प्लेट-कॉलम्स'मध्ये लिहा: २००पीएक्स मिनमॅक्स(०, १एफआर) २००पीएक्स. मधे नुसतं १एफआर (उरलेल्या जागेचा एक वाटा) लिहिलंत, तर एखादी लांबलचक लिंक रकाना फुगवते आणि पान आडवं सरकायला लागतं. हे कळायला मला अख्खी दुपार लागली होती. मोबाइलसाठी मीडिया क्वेरीत (पडद्याच्या रुंदीप्रमाणे लागू होणाऱ्या नियमात) रकाना एकच ठेवा, बस्स. नुसती एका ओळीतली बटणं मांडायची असतील तर सीएसएसचंच फ्लेक्सबॉक्स पुरतं.

टेबल कायमचं फेकू नका. एसटीचं वेळापत्रक, भावपत्रक, निकाल, हे टेबलातच शोभतात. रकान्याच्या डोक्यावर अर्थपूर्ण मथळा लिहिता येत असेल, तर ते टेबल.

आणि ईमेलचं टेम्पलेट करायला सांगितलं तर सरांची पद्धत कामी येईल. विंडोजवरचं जुनं आउटलुक २००७ पासून मेल वर्डच्या इंजिनातून दाखवतं आणि त्याला ग्रिड-फ्लेक्स कळत नाही. तिथे मी आजही टेबलच लावतो, फक्त टेबलच्या टॅगमध्ये रोल म्हणून 'प्रेझेंटेशन' लिहितो, म्हणजे स्क्रीन रीडर ओळी-रकाने मोजत बसत नाही.