इबोलाच्या काळात लोकांनी मृतदेह का लपवले?

तुम्ही विचारलंय : "२०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोला पसरत असताना लोक मृतदेह लपवत होते, आरोग्य पथकांवर हल्ले करत होते. याला अडाणीपणा नाही तर काय म्हणायचं? आणि मानवशास्त्रज्ञांचं तिथे काय काम?" मी हा विषय बरीच वर्षं शिकवतोय. 'अडाणी' हा शब्द मला इथे लागतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डॉक्टरांचं म्हणणं बरोबर होतं, हे आधीच सांगून टाकतो. साथ डिसेंबर २०१३ मध्ये गिनीच्या जंगलपट्ट्यातल्या मेलियांदू गावातून सुरू झाली. गिनी, सिएरा लिओन आणि लायबेरिया मिळून २८ हजारांवर लोकांना लागण झाली, ११ हजारांवर दगावले. इबोलाने गेलेल्या माणसाच्या शरीरातून मृत्यूनंतरही लागण होते, आणि तिथे घरचेच लोक मृताला हाताने न्हाऊ घालतात. तेव्हा अंत्यविधी बदलायलाच हवा होता. तो कसा बदलायचा आणि कोणी ठरवायचं, तंटा तिथे होता.

गिनीतल्या किसी नावाच्या जमातीतली एक घटना घ्या. एक गरोदर बाई इबोलाने गेली. किसी रीतीप्रमाणे पोटात मूल असताना बाईला पुरत नाहीत. जन्म आणि मरण एकाच खड्ड्यात गेलं तर पुढचं चक्र बिघडतं आणि त्याचा फटका सगळ्या गावाला बसतो, असं ते मानतात. घरच्यांचा आग्रह होता की आधी गर्भ काढा. वैद्यकीय पथकाच्या दृष्टीने ती शस्त्रक्रिया म्हणजे जिवाशी खेळ. दोघेही आपापल्या जागी ठाम, आणि मृतदेह तसाच पडून. जागतिक आरोग्य संघटनेने पाठवलेल्या मानवशास्त्रज्ञ ज्युलियेन आनोको तिथे गेल्या. त्यांनी समजावण्याऐवजी विचारलं : अशी वेळ याआधी कधी आली असेल तर तुमचे जाणते काय करत? तेव्हा कळलं की अशा चुकीसाठी परिमार्जनाचा एक विधी आहे आणि तो सांगू शकणारा वृद्ध माणूसही सापडेल. विधीचा खर्च साथ-निवारणाच्या पैशातून झाला आणि बाईला गर्भासह, कोणालाही लागण न होता पुरलं गेलं. वाट त्यांच्याच परंपरेत होती. एवढंच की तोवर कोणी विचारलं नव्हतं.

लायबेरियात उलट घडलं. ऑगस्ट २०१४ मध्ये राजधानी मोनरोव्हियात प्रेतं पुरायला जागा पुरेना, वस्त्यांजवळ पुरायला लोक विरोध करत. सरकारने दहनाचा हुकूम काढला. दहनगृह कोणतं? मार्शल भागात तिथल्या भारतीय समाजाने आपल्या माणसांसाठी बांधलेलं. आपल्यापैकी बहुतेकांना दहन ही साधी गोष्ट वाटेल. पण लायबेरियात मार्चच्या दुसऱ्या बुधवारी सरकारी सुट्टी असते, त्या दिवशी घरोघरची माणसं थडगी साफ करतात, रंगवतात, फुलं वाहतात. ज्याला थडगंच नाही त्याच्यासाठी त्या दिवशी जायचं कुठे? मग लोक आजारी माणसाची खबर देईनासे झाले, रात्री गुपचूप पुरू लागले. साथ आवरायला काढलेल्या हुकुमाने साथ लपायला जागा मिळाली. डिसेंबरमध्ये डिस्को हिल इथे नवी दफनभूमी सुरू झाली आणि दहन थांबलं.

हल्ल्यांचं मूळ मात्र अंत्यविधीत शोधू नका, राजकारणात शोधा. गिनीच्या जंगलपट्ट्यातल्या लोकांचे मुखवटे आणि दीक्षाविधी देशाचे पहिले अध्यक्ष सेकू तूरे यांच्या राजवटीने स्वातंत्र्यानंतर 'अंधश्रद्धा निर्मूलना'च्या नावाखाली मोडून काढले होते. अजून ते आठवणारी माणसं हयात आहेत. २०१३ च्या जुलैत त्याच भागातल्या न्झेरेकोरेत वांशिक दंगल होऊन शंभरच्या आसपास माणसं मेली. अशा ठिकाणी वर्षभराने राजधानीतून गाड्या येतात, अंगभर झाकलेली माणसं उतरतात आणि बाजारात फवारणी करतात. फवाऱ्यातूनच रोग सोडतायत, अशी अफवा उठली. सप्टेंबर २०१४ मध्ये वोमे गावात पथकातल्या आठ जणांना ठार मारण्यात आलं. त्यात आरोग्य कर्मचारी होते, पत्रकारही होते. त्याचं समर्थन कोणीच करू शकत नाही, मीही करत नाही. पण हा विषाणूबद्दलच्या अज्ञानाचा प्रश्न होता, असं म्हणून आपण सुटू शकत नाही. सरकारचा त्यांना आलेला अनुभवच संशय यावा असा होता.

आणि सामान्य लोकांना साथ समजत नाही, हेही खरं नाही. युगांडातल्या गुलूमध्ये २०००-०१ साली इबोला आला, तेव्हा बॅरी ह्यूलेट या मानवशास्त्रज्ञाने नोंदवलं की अचोली लोकांकडे 'गेमो', म्हणजे जीवघेण्या साथीसाठी स्वतःची नियमावली आहे : रोग्याला लांब वेगळ्या झोपडीत ठेवायचं, दुखण्यातून उठलेल्यानेच त्याची शुश्रूषा करायची, घराबाहेर उंच गवताचे दांडे रोवून खूण करायची, प्रवास आणि नाचगाणी बंद. विलगीकरण वेगळं काय सांगतं?

नोव्हेंबर २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 'सुरक्षित आणि सन्माननीय' दफनाची नवी पद्धत जाहीर केली. घरच्यांना विचारल्याशिवाय दफन सुरू करायचं नाही, मुस्लिमांसाठी पाण्याविना शुद्धी आणि कफन, प्रार्थनेला वेळ. याच गोष्टी साथ जाहीर झाली त्या मार्चमध्येच करता आल्या असत्या, ही माझी खंत आहे. मानवशास्त्रज्ञांना बोलावलं ते बहुतेक वेळा विरोध पेटल्यावर, लोकांना 'पटवून द्यायला'. मला हे त्या विषयाचं अवमूल्यन वाटतं. त्यांचं खरं काम योजना आखतानाच्या टेबलावर आहे.

धडा पुरता घेतला गेला नाही, हे २०१८ मध्ये काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या पूर्व भागात दिसलं. बेनी आणि बुटेंबो भागात २०१४ पासून सशस्त्र टोळ्या कत्तली करत होत्या. तेव्हा मदतीला फारसं कोणी फिरकलं नाही, आणि इबोला येताच पैसा, गाड्या, परदेशी लोक यांची रीघ लागली. लोक विचारू लागले की आमच्या मरणाची किंमत रोगाप्रमाणे बदलते का? त्यात भर म्हणजे ३० डिसेंबर २०१८ च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत इबोलाचं कारण देऊन तिथलं मतदान मार्चपर्यंत पुढे ढकललं. नवे अध्यक्ष जानेवारीतच शपथ घेऊन मोकळे झाले. बाजार भरत होते, चर्च उघडी होती, फक्त मत बंद. मतदानाच्या त्या ३० डिसेंबरला बेनीत हजारो लोकांनी स्वतःच प्रतीकात्मक मतदान भरवलं. रांगेत उभे राहिले, हात धुतले आणि मग मत टाकलं.