तुमचे प्रश्न : वाद्यांची निगा

प्रश्न : आजोबा बँडमध्ये वाजवत ते धातूचं, चांदीचा मुलामा असलेलं क्लॅरिओनेट घरी आहे. पावसाळ्यात काळं पडतं, चाव्या चिकटतात, खालचे सूर धड लागत नाहीत. पितांबरीने घासू का? आत तेल किती सोडू?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : पितांबरी नको, चिंच नको, टूथपावडरही नको. जुना मुलामा पातळ असतो. घासला की कडांवर पितळ दिसू लागतं. चांदी पुसायचं कोरडं कापड पुरे. काळेपणाने आवाज बिघडत नाही, थोडा राहिला तर राहू दे. तो येतो गंधकामुळे, आणि गंधक बहुधा पेटीतच असतं : चाव्यांना लावलेले रबरबँड आणि एबोनाइटचा (गंधक घातलेल्या कडक रबराचा) माउथपीस. रबरबँड काढा, माउथपीस वेगळ्या पिशवीत ठेवा. तो धुवायचा कोमट पाण्यानेच, कढत पाण्याने हिरवट-तपकिरी होतो.

नळीत तेल सोडायचं ते लाकडी वाद्यात. धातूच्या नळीतलं तेल थेट पॅडवर, म्हणजे चावीखालच्या भोक मिटणाऱ्या गादीवर, उतरतं. तेल द्यायचं ते चाव्यांच्या दांड्यांच्या टोकांना, सुईच्या टोकावरून एकेक थेंब. सुईसारख्या पोलादी स्प्रिंगांवरूनही तेलाचा ब्रश फिरवा. खाऱ्या हवेत त्या गंजून मुळाशी तुटतात.

खालचे सूर न लागणं म्हणजे बहुतेक वेळा हवेची गळती. सिगारेटच्या कागदाची बारीक पट्टी पॅडखाली घालून चावी नेहमीच्याच जोराने मिटा आणि पट्टी ओढा. चारी बाजूंनी सारखी अडली पाहिजे. सुरुवात डाव्या अंगठ्याच्या वरच्या चावीपासून करा. तिचं पॅड गळत असेल तर खालचा सा फुंकल्यावर वरच्या सप्तकातला पंचम निघतो. पॅड नुसतं चिकटत असेल तर टिश्यू दाबून चावी उचला आणि मग कागद काढा. चिकट पॅडखाली दाबलेला कागद ओढला तर पॅडची कातडी फाटते. फाटलेलं पॅड कारागिराकडूनच बदलून घ्या. ते लाखेवर बसवलेलं असतं, आणि काही जुन्या वाद्यांत भोकांच्या कडा कथलाच्या डाकावर असतात. लाख वितळवताना ज्योत जास्त लागली की त्याही सुटतात.

वाजवून झालं की फडकं ओढून नळी कोरडी करा. पेटीत सिलिका जेल ठेवा, पावसाळ्यात तर हवंच.

प्रश्न : हेच वाद्य हार्मोनियमशी जुळत नाही. दोष कोणाचा?

उत्तर : नळीवर ‘एचपी’ (HP, म्हणजे हाय पिच) कोरलंय का पाहा. असेल तर ते जुन्या उंच पट्टीचं, ‘ए’ या सुराला सेकंदाला 440 ऐवजी साधारण 457 कंपनांचं आहे. सांधा ओढून सूर उतरवता येतो, पण मग एकेका सुरातलं अंतर बिघडतं. एकट्याने वाजवायला ठेवा.